मांजराचे फोटो नीट का येत नाहीत? आधी उजेड बघा, मग मांजर

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हाच प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, फक्त मांजर बदलतं. तुमची दोन वर्षांची काळी मांजरी, फोनवर फोटो काढले की एकतर हललेले आणि धुरकट येतात नाहीतर सोफ्यावर काळा गोळा आणि त्यात दोन पिवळे दिवे, फोन बाहेर काढला की बाईसाहेब सरळ फोनकडेच चालत येतात किंवा पाठ फिरवून बसतात, आणि आता चांगला कॅमेरा घ्यावा का असं तुम्ही विचारताय. कॅमेऱ्याचं शेवटाकडे सांगते. मी १५ वर्षं पाळीव प्राण्यांचे फोटो काढायचं काम करते, त्यात मांजरं सगळ्यात जास्त, आणि घरात स्वतःची दोन आहेत, त्यातला एक बोका काळाकुट्टच आहे, त्यामुळे तुमचं दुखणं मला अगदी आतून माहितीये.

आपण सगळे हे काम उलट्या क्रमाने करतो. मांजर कुठेतरी गोड बसलेलं दिसतं, आपण फोन घेऊन धावतो, आणि तिथे उजेडच नसतो. मी कामाला गेले की आधी मांजराकडे बघतच नाही. घरात फिरते, उजेड कुठून येतोय, किती वाजता कुठे पडतो हे बघते, एक जागा ठरवते, आणि मग मांजराला तिथे यावंसं वाटेल अशी सोय करून चक्क बसून राहते. माझा बहुतेक वेळ या बसून राहण्यातच जातो, लोकांना वाटतं बाई काहीच करत नाहीये.

उजेडाचं एवढं का, तर आपल्याला घरात 'छान लख्ख' वाटतं कारण आपले डोळे लगेच जुळवून घेतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही. आकड्यात सांगते म्हणजे पटेल. भर उन्हात साधारण १ लाख लक्स (हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ढगाळ दिवशी उघड्यावर १० हजारांच्या आसपास, आणि रात्री दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम १००. म्हणजे तुम्हाला 'जरासा कमी' वाटणारा उजेड खरं तर ढगाळ दिवसाच्याही शंभरपट कमी असतो. मग फोन बिचारा काय करतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, १/१५ किंवा १/३० सेकंद वगैरे, आणि तेवढ्यात मांजराने नुसता कान फिरवला तरी तो कान पुसल्यासारखा येतो, उरलेली कसर तो आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवून भरून काढतो, त्याने फोटोत दाणे येतात, मग ते दाणे घालवायला आतलं सॉफ्टवेअर सगळं गुळगुळीत करतं, आणि केसाळ मांजराच्या जागी मेणाचं मांजर दिसायला लागतं. तुमचे 'धुरकट' फोटो म्हणजे हेच. फोन बिघडलेला नाहीये.

तर उपाय फुकटचा आहे, खिडकी. थेट ऊन न येणारी, किंवा पातळ पडदा असलेली खिडकी. तिच्यापासून हातभर-दोन हात अंतरावर मांजर हवं, कारण खिडकीपासून जसजसं आत जाल तसा उजेड झपाट्याने पडतो, खोलीच्या मागच्या भिंतीशी तर काहीच उरत नाही. आणि खिडकी तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या, मांजराच्या पाठीमागे नको, निदान सुरुवातीला तरी. बाजूने उजेड आला की केसांचा पोत दिसतो, मिशा चमकतात, चेहऱ्याला गोलाई येते. समोरून सपाट उजेड आला तर फोटो बरा येतो पण ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. बाजूच्या उजेडात चेहऱ्याची दुसरी बाजू फारच काळी पडली तर तिकडे एखादी पांढरी चादर किंवा पुठ्ठा उभा करा, स्टुडिओतले लोक त्यालाच रिफ्लेक्टर म्हणतात. आणि डोळ्यात खिडकीचं छोटंसं प्रतिबिंब दिसतंय का हे नक्की बघा. ती चमक नसली की डोळे निर्जीव वाटतात, काय कमी आहे ते कळत नाही पण काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं.

उन्हाबद्दल एक सांगायचं राहिलं. मांजरांना ऊन आवडतं म्हणून आपण त्यांना उन्हातच गाठतो, पण प्रखर उजेडात मांजराची बाहुली आक्रसून उभी रेघ होते आणि चेहरा जरा रागीट, थंड वाटतो. मऊ उजेडात तीच बाहुली टपोरी गोल होते आणि तेच मांजर पिल्लासारखं दिसतं. तुम्हाला कुठलं रूप हवंय ते तुम्ही ठरवा, मला रेघेचे डोळेही आवडतात, पण निदान ठरवून घ्या. फरशीवर उन्हाचा चौकोन पडलाय आणि मांजर त्यात लोळतंय असं दृश्य असेल तर स्क्रीनवर उन्हातल्या केसांवर बोट ठेवा, फोटो तिथल्या हिशोबाने काढा, बाकीची खोली काळी पडेल तर पडू द्या. असे फोटो फार देखणे येतात आणि मागचा पसाराही आपोआप अंधारात जातो.

आता काळा रंग. इथे खरं घोडं पेंड खातं. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी असावी असं धरून चालतो, म्हणजे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा राखाडी. तुमची काळी मांजरी अख्ख्या फ्रेममध्ये भरली तर कॅमेऱ्याला वाटतं अरे फार अंधार आहे, तो उजेड वाढवतो, काळं मांजर कळकट राखाडी होतं, आणि शटर जास्त उघडं राहिल्याने फोटो हलतो ते वेगळंच. याउलट तीच मांजरी पांढऱ्या चादरीवर किंवा उजेडाच्या खिडकीसमोर बसली तर कॅमेरा चादरीच्या हिशोबाने उजेड कमी करतो आणि मांजरीचा डांबराचा गोळा होतो. तुमच्या वर्णनावरून तुमचं दुसरं होतंय, सोफा फिकट रंगाचा असणार.

यावर फोनमध्ये करायचं काय, तर मांजराच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, तिथे लॉक होतं, मग शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते ती बोटाने वर-खाली करा. फ्रेममध्ये काळंच काळं असेल तर थोडं खाली, मागे पांढरं जास्त असेल तर थोडं वर. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, काळ्याला उणे ०.७ ते उणे १ पासून सुरुवात करा, पांढऱ्या मांजराला बरोबर उलटं, अधिक ०.७ ते अधिक १. पट्ट्यापट्ट्यांच्या करड्या मांजरांना हे काहीच करावं लागत नाही, त्यांचे मालक नशीबवान.

पण नुसतं एक्स्पोजर जमवून काळं मांजर दिसत नाही, हे समजायला मला स्वतःला काही वर्षं गेली. काळ्या केसांना स्वतःचा उजेड जवळपास नसतोच, ते दिसतात ते त्यांच्यावरच्या चकाकीमुळे. काळ्या रेशमी कापडाची घडी कशी दिसते, घडीच्या कडेवर उजेडाची रेघ असते म्हणून, तसंच. त्यामुळे काळ्या मांजराला उजेड बाजूने आणि किंचित मागून यायला हवा, आणि उजेडाचा स्रोत मोठा हवा, म्हणजे मोठी खिडकी किंवा उघडं दार, छोटा बल्ब नको. मग पाठीच्या कण्यावर, खांद्यावर, कानांच्या कडेवर चकाकीची रेघ उमटते आणि गोळ्यातून मांजर बाहेर येतं. मी माझ्या बोक्याभोवती अर्धगोल फिरते, कोनात थोडासा फरक पडला तरी अचानक अंगावर झळाळी येते, तिथे थांबते. मागची पार्श्वभूमी मध्यम रंगाची ठेवा, विटकरी, हिरवट, राखाडी काहीही, पण पांढरी नको आणि काळी तर अजिबात नको (काळ्यावर काळं मलाही दहातून एकदाच जमतं). कडक उन्हात काळे केस तांबूस दिसायला लागतात, ते तुमच्या कॅमेऱ्याचं पाप नाही, खूप काळ्या मांजरांचे केस उन्हात तसे दिसतातच.

उंची. बहुतेक लोक उभ्याउभ्या खाली बघून फोटो काढतात, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फोटोत मोठं डोकं, छोटंसं अंग आणि भरपूर फरशी. मांजराच्या डोळ्यांच्या रेषेत लेन्स आली पाहिजे, म्हणजे चक्क पालथं पडायचं, कपडे खराब होणार हे धरून चालायचं. गुडघे-पाठ कुरकुरत असेल तर मांजराला वर आणा, खिडकीचा कट्टा, टेबल, कपाटाचा माथा, मांजरं तशीही वरच जातात. फोनवाल्यांसाठी एक साधी युक्ती आहे, फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खालच्या टोकाला येते आणि फोन जवळपास जमिनीला टेकवून फोटो काढता येतो, स्क्रीन उलटी झाली तरी फोटो सुलटाच सेव्ह होतो. वॉल्टर चँडोहा नावाचा एक अमेरिकन फोटोग्राफर होता, १९४९ च्या हिवाळ्यात न्यू यॉर्कच्या बर्फात त्याला एक पिल्लू सापडलं, त्याने ते कोटात घालून घरी नेलं, आणि तिथून पुढे जन्मभर मुख्यतः मांजरांचे फोटो काढले, २०१९ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी वारला. त्याचे फोटो शोधून बघा आणि फक्त दोन गोष्टी बघा, लेन्स किती खाली आहे आणि मागून येणारा उजेड केसांच्या कडेला कसा पेटलाय. मी शिकताना त्याचे फोटो समोर ठेवून आमच्या घरात तसाच उजेड कुठे पडतो ते शोधत फिरायचे.

फार जवळ जाऊ नका. फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाइड असतो, साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्ससारखा, त्यामुळे हातभर अंतरावरून चेहऱ्याचा फोटो काढला की नाक बटाट्याएवढं आणि कान मागे पळालेले. दोन पावलं मागे सरका आणि २ एक्स झूम वापरा. यात एक गोम आहे, बऱ्याच फोनमध्ये उजेड कमी असला की झूमची लेन्स वापरलीच जात नाही, फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतो. तपासायचं असेल तर झूमच्या लेन्सवर बोट ठेवा, स्क्रीनवर चित्र दिसतच राहिलं तर समजा फसवणूक चालू आहे, आणि उजेड वाढवा.

आता तुमच्या बाईसाहेबांचा स्वभाव. फोन काढला की ती चालत का येते, तर तुम्ही खाली बसता, हात पुढे करता, आणि हातात काहीतरी असतं. मांजराच्या भाषेत हे सरळ आमंत्रण आहे, ये आणि वास घे. येऊ द्या. वास घेऊ द्या, फोनच्या कोपऱ्याला गाल घासू द्या, एक-दोन मिनिटं काहीच करू नका, तिचं समाधान झालं की ती स्वतःच दूर जाते. नवीन घरी गेले की पहिली २० मिनिटं माझा कॅमेरा जमिनीवर पडलेला असतो, मांजर त्याला हुंगून, पंजा मारून मोकळं होतं आणि मग तो त्याच्या लेखी फर्निचर होतो. तुम्ही तर घरातच राहता, फोन रोज हातात असतोच, फक्त कधी कधी फोटो न काढता नुसता तिच्या दिशेने धरून बसा.

पाठ फिरवणारं मांजर बहुतेकदा आपल्या टक लावून बघण्याला कंटाळलेलं असतं. मांजरांना रोखून बघणं आवडत नाही आणि लेन्स म्हणजे एक मोठा न मिटणारा डोळाच. मी फोटोच्या मध्ये मध्ये कॅमेरा खाली घेते, तिच्याकडे बघून डोळे हळूच बारीक करते, मिटते, उघडते, दोन-तीनदा. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांचा यावर अभ्यास प्रसिद्ध झाला, माणसाने असे हळू डोळे मिचकावले की मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार होतात असं त्यात दिसलं. मांजर पाळणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतंच म्हणा. आणि मांजर ते अर्धवट मिटलेले डोळे करून बघतं ना, तोच क्षण टिपा, त्याच्याइतका निवांत चेहरा दुसरा नाही.

लक्ष वेधायला आवाज काढायचेच, पण जपून. कुठलाही आवाज तीनदाच चालतो. पहिल्यांदा दोन्ही कान पुढे, डोळे मोठे, दुसऱ्यांदा एक कान, तिसऱ्यांदा 'हं, कळलं'. म्हणून मी आधी फ्रेम, फोकस, उजेड सगळं तयार ठेवते आणि मगच आवाज करते. कागद चुरगाळणं, नखाने फरशी खरवडणं, ओठांनी बारीक चुकचुक, आणि प्रत्येक वेळी वेगळा. लोक आधी पाच मिनिटं नावाने हाका मारतात, खुळखुळा वाजवतात आणि मग कॅमेरा सुरू करतात, तोवर मांजर झोपलेलं असतं. कॅमेऱ्याची फोकसची टीट-टीट आणि शटरचा कृत्रिम आवाज बंदच ठेवा. आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजरांना ६० च्याही वरचं ऐकू येतं, त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या आवाजाचा त्यांना वैताग येऊ शकतो. घरात दुसरं माणूस असेल तर त्याने काडीला लावलेलं पीस लेन्सच्या अगदी वर धरावं, नजर लेन्सकडे येते. लेझरचा लाल ठिपका मात्र मी वापरत नाही, एक तर डोळ्यात जायची भीती, आणि हाती काहीच न लागल्याने मांजर चिडतं.

वेळेचं गणित पण आहे. मांजरं पहाटे आणि संध्याकाळी जास्त सक्रिय असतात, आणि नेमका तेव्हाच उजेड कमी. म्हणून पळापळीचे फोटो हवेत तर सकाळी ऊन वर आलं की खेळवा, आणि शांत पोर्ट्रेट हवं तर खेळून, खाऊन, अंग चाटून झाल्यावर, झोप लागायच्या आधीची जी दहा-पंधरा मिनिटं असतात ना, पाय मुडपून पाव होऊन बसतं ते, तेव्हा. झोपेतून उठल्यावरचीही वेळ चांगली, जांभई आणि आळस हमखास मिळतो, जांभई एकदा आली की तयार राहा, पाठोपाठ दुसरी येते बऱ्याचदा.

पळापळीसाठी शटर स्पीड महत्त्वाचा. माझे अंदाज असे, झोपलेल्या मांजराला १/६० चालतो, नुसतं बसलेल्याला १/२५०, खेळणाऱ्याला १/५०० ते १/१०००, आणि उडीला १/१००० च्या वर. एवढ्यासाठी आयएसओ ३२०० किंवा ६४०० गेला तरी जाऊ द्या, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोनमध्ये हे हाताने ठरवता येत नसेल तर भरपूर उजेडात जा, शटर आपोआप जलद होतं, आणि बर्स्ट, म्हणजे एकामागून एक भराभर फोटो काढायची सोय, वापरा. काही फोनमध्ये बटण दाबून धरलं की बर्स्ट होतो, काहींमध्ये बटण बाजूला किंवा खाली ओढावं लागतं, आपल्या फोनमध्ये कसं आहे ते आधीच बघून ठेवा, मांजर हवेत असताना शोधू नका.

पण बर्स्टवर भिस्त ठेवण्यापेक्षा मांजर वाचायला शिका. झेप घ्यायच्या आधी ते दबा धरतं, मागचे पाय रोवतं आणि ढुंगण डुलवतं, ते डुलवणं सुरू झालं की तुमच्याकडे जेमतेम दोन सेकंद आहेत. उडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला मांजर क्षणभर जवळपास स्थिर असतं, तिथे कमी शटरही खपून जातं. पीस कुठे धरणार ते ठरलेलं असेल तर फोकस त्या जागेवर आधीच लॉक करा. हा सगळा उद्योग फार जुना आहे बरं, एत्येन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पाठ खाली करून सोडलेलं मांजर हवेत कसं वळून पायांवर उतरतं याच्या एकामागून एक फोटोंची मालिका प्रसिद्ध केली होती आणि तेव्हाचे विद्वान ते बघून चक्रावले होते. तुम्ही मांजर सोडून बघू नका, तिला स्वतः उडी मारू द्या.

शेपूट जमिनीवर आपटायला लागली, कान बाजूला चपटे झाले, पाठीची कातडी थरथरली, की फोटो बंद. मग एक चांगला फोटो राहिला तरी राहू दे. धरून ठेवून, कपडे घालून फोटो काढायला लोक मला सांगतात, मी नाही म्हणते, कारण त्या फोटोत मांजराचे डोळे सगळं सांगतात. एकदा सुरुवातीच्या काळात मी एका मालकाच्या आग्रहाखातर लाजाळू मांजरीला पलंगाखालून ओढून काढू दिलं होतं, फोटो एकही उपयोगी आला नाही आणि ती मांजरी नंतर मी गेले की कपाटामागे. चूक माझीच.

फ्लॅश. मांजराच्या डोळ्यात पडद्याच्या मागे आरशासारखा थर असतो, टॅपेटम म्हणतात त्याला, अंधारात दिसायला मदत करणारा. फ्लॅशचा उजेड त्यावरून थेट लेन्समध्ये परत येतो म्हणून ते हिरवे-पिवळे दिवे, निळ्या डोळ्यांच्या सयामी मांजरांत बहुतेकदा लाल. फोनवर फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे हे टाळणं जवळपास अशक्य, तेव्हा फोनचा फ्लॅश कायमचा बंदच करून टाका. मोठ्या कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश असेल तर तो छताकडे किंवा भिंतीकडे वळवून मी वापरते, पण तेही दचकणाऱ्या मांजरावर नाही. रात्रीच काढायचा असेल तर दोन टेबललॅम्प एका बाजूला जवळ आणा, आणि नाइट मोड फक्त गाढ झोपलेल्या मांजरासाठी, कारण तो सेकंद-दोन सेकंद उजेड गोळा करत बसतो. काही एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात, दिवा लुकलुकत असतो म्हणून, तेव्हा शटर १/१०० किंवा १/५० ला आणून बघा, वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२० किंवा १/६०. आणि खिडकीचा उजेड व पिवळा बल्ब एकत्र आले की मांजर अर्धं निळं अर्धं पिवळं दिसतं, दिवसा बल्ब बंद करा, बस.

पार्श्वभूमीबद्दल थोडक्यात. मांजर बसायच्या आधी त्या जागेचा एक रिकामा फोटो काढा आणि बघा. चार्जरची वायर, मांजराचीच मातीची पेटी, वाळत घातलेला मोजा, सगळं तेव्हाच दिसतं, मांजर असताना आपल्याला मांजरच दिसतं. मांजर आणि मागची भिंत यात अंतर जास्त ठेवा, मागचं आपोआप धूसर होतं. पोर्ट्रेट मोड मी मांजरांवर फारसा वापरत नाही, तो मिशा आणि कानातले केस कापून टाकतो, कधी कधी एक अख्खा कान.

आता कॅमेरा घ्यावा का. माझं मत, आत्ता नको. दोन महिने याच फोनवर खिडकीपाशी काढा, आणि मग उड्या आणि पळापळ यातच अडकताय असं दिसलं तर विचार करा. घ्यायचाच झाला तर प्राण्यांचे डोळे ओळखून फोकस धरणारा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा बघा, सोनीने २०१९ मध्ये हे द्यायला सुरुवात केली आणि आता कॅनन, निकॉन, फुजी सगळ्यांकडे आहे, एखादं जुनं, वापरलेलं मॉडेलही पुरतं. जास्त पैसे बॉडीपेक्षा लेन्सवर घाला, ५० किंवा ८५ मिलिमीटर, एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते). फक्त एक इशारा, नवीन लेन्स आली की सगळे ती पूर्ण उघडून काढतात आणि मग डोळा शार्प नाही म्हणून रडतात. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ मिलिमीटर, एफ १.८, मांजर एक मीटरवर, तर शार्प पट्टा जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो. म्हणजे नाकावर फोकस गेला की डोळे गेले. एफ ४ वर तोच पट्टा तीन-साडेतीन सेंटिमीटर होतो, चेहऱ्याला पुरतो. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर.

काढून झाल्यावर निवड निष्ठुरपणे करा. मी एका बैठकीत ४००-५०० फोटो काढते आणि २०-२५ देते. आधी डोळे शार्प नसलेले सगळे उडवा, मग सारखे दिसणाऱ्यांतला एकच ठेवा. एडिटिंगमध्ये काळ्या मांजराला शॅडोचा, म्हणजे गडद भागांचा, स्लायडर जरासा वर, फार केलात तर केस राखाडी आणि दाणेदार होतात, काळ्यात थोडं काळं राहू द्या. शार्पनेस वाढवायचा मोह आवरा, केसांच्या तारा होतात.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा, फिकट सोफ्यावरून तिची चादर काढून एखादी विटकरी किंवा राखाडी चादर घ्या, तिची रोजची वापरातली असेल तर उत्तम कारण तिला वास ओळखीचा हवा, ती खिडकीच्या कट्ट्यावर किंवा खिडकीशेजारच्या खुर्चीवर टाका, खिडकी तिच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला येईल अशी, आणि तीन-चार दिवस फोन न काढता तिला तिथे झोपायची सवय लागू द्या. मग सकाळी खेळवून, खायला घालून, दोन पावलं लांब जमिनीवर बसा, फोनची लेन्स शर्टाने पुसा (हे विसरता ना सगळे), २ एक्स लावा. जमलेले आणि फसलेले दोन-दोन फोटो दाखवा, फसलेले आधी, त्यावरून पुढचं सांगता येईल.